हादरलेली सांगली आणि तीस हजारांची हळद

वर्तमानपत्रांचे मथळे आणि वाहिन्यांच्या पडद्याखालून धावणाऱ्या पट्ट्या प्रमाण मानायच्या, तर आमची सांगली आठवड्यातून दोनदा तरी हादरते. खून झाला की ती हादरते, एखाद्या पतसंस्थेत घोटाळा निघाला की हादरते, आणि कोणी पुढारी या पक्षातून त्या पक्षात गेला की जिल्ह्यात राजकीय भूकंप होतो. खराखुरा भूकंप व्हायचा तो शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या परिसरात होतो, आणि त्या प्रकाराला निदान मोजमाप तरी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती आणि त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. आज त्याच भागात कधीमधी २.८ तीव्रतेचा धक्का बसतो. पाटणच्या बाजारात भाजी घेत उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवेलच असे नाही, तरी दुसऱ्या दिवशी मथळ्यातले क्रियापद तेच असते. भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. १९६७ चा भूकंप ६.५ चा धरला, तर त्याच्यात आणि २.८ च्या धक्क्यात साडेतीन लाख पटींचा फरक पडतो, आणि 'कोयना परिसर हादरला' या तीन शब्दांत तो सगळा फरक नाहीसा होतो.

सनसनाटी मथळे खोटे असतात अशी माझी तक्रार नाही. उलट बहुतेक वेळा त्यांतला शब्द न् शब्द खरा निघतो, म्हणून तर त्यांना कुठे पकडता येत नाही. धक्का बसलेला असतो, धरणातून पाणी सुटलेले असते, हळदीला तो दर मिळालेला असतो. काढून घेतलेले असते ते फक्त परिमाण: किती, कशाच्या तुलनेत, आणि कोणासाठी. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीवर, हिशेबाचे काम करतो आणि राहतो गावभागात, नदीच्या अंगाला. त्यामुळे वर्षातले दोन हंगाम माझा मथळ्यांशी थेट संबंध येतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी हळदीच्या दराचा आणि पावसाळ्यात कृष्णेच्या पातळीचा. गुन्हेगारीच्या आणि राजकारणाच्या बातम्यांवर पुष्कळ लिहिले जाते. दराच्या मथळ्याला सनसनाटी म्हणावे हे मात्र सहसा कोणाला सुचत नाही, आणि माझ्या अनुभवाने माणसाच्या खिशाला सर्वांत जास्त चाट तोच लावतो.

हळदीचा सौदा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शेतकऱ्याने हळद काढून, शिजवून, वाळवून, ड्रममध्ये घोळून पॉलिश केलेली असते. ती अडतीवर येते, पोती उघडली जातात, खरेदीदार घोळक्याने फिरत येतात, मूठभर माल हातावर घेतात, एखादे हळकुंड मोडून आतला रंग पाहतात आणि दर लावतात. एकाच दुकानापुढे एकाच शेतकऱ्याच्या दोन ढिगांना वेगवेगळे दर लागतात, कारण एकात लांब, जाड, सोनेरी हळकुंड असते आणि दुसऱ्यात गड्डे व तुकडे असतात. संध्याकाळी बाजार समितीच्या तक्त्यावर त्या दिवसाची आवक आणि तीन दर येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. यांपैकी कमाल दर हा कित्येकदा मोजक्या पोत्यांचा असतो. हंगामाच्या पहिल्या सौद्यात तर एखाद्या देखण्या मालाला हौसेने आणि मानापोटी चढा दर दिला जातो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. त्यात गैर काही नाही. बाजाराचीही एक रीत असते.

दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'सांगलीत हळदीला उच्चांकी तीस हजारांचा दर'. आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे, पण घडण हीच. समजा, त्या दिवशी आठ हजार पोती आली आणि क्विंटलला तीस हजारांचा दर त्यांतल्या दहा पोत्यांना मिळाला, बाकीचा माल तेरा ते सोळा हजारांत गेला आणि सर्वसाधारण दर पंधरा निघाला. मथळ्यातला तीसचा आकडा खरा, बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात पंधराचा आकडाही कदाचित असेल, आणि तरीही ज्याच्या घरात चाळीस पोती हळद पडून आहे त्याला त्या बातमीने जे सांगितले ते धादांत दिशाभूल करणारे आहे. पुढच्या दोन-चार दिवसांत त्याचे परिणाम यार्डात दिसू लागतात. ज्यांना पैशाची नड आहे ते माल घाईने बाजारात आणतात, आवक वाढते, दर आणखी दबतात. ज्यांना थांबता येते ते तीस हजारांची वाट पाहत माल वखारीत ठेवतात आणि भाडे भरत बसतात.

अथणीकडून दरवर्षी माल घेऊन येणारे एक वयस्कर शेतकरी मागच्या एका हंगामात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात घेऊन माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभे होते. पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई असे सगळे नेहमीप्रमाणे होते, पण त्यांची नजर दराच्या रकान्यावरून हलत नव्हती. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि पुतण्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मथळ्याचा फोटो माझ्यापुढे धरला. "दिवाणजी, ह्यात तीस हजार छापलंय की. मग माझ्या पट्टीवर चौदाच कसं काय?" फोटोत फक्त मथळा होता, खालची बातमी कापलेली. मी म्हणालो, "अण्णा, बसा जरा," आणि बाजार समितीचा त्या दिवसाचा तक्ता काढून तिन्ही दर बोटाने दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "मग हे तिसरं का न्हाई छापत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय मला दिसत होता आणि तो संशय वर्तमानपत्रावर नव्हता, आमच्यावर होता. वर्षानुवर्षे ज्या अडतीवर माल घातला तिने आपल्याला निम्म्यात गुंडाळले, असे त्यांना वाटले असणार. अडते सगळे साधुसंत आहेत असा माझा मुळीच दावा नाही. मापात, सौद्यात, पैसे देण्याच्या मुदतीत या धंद्यात पुष्कळ काही चालते आणि त्याच्या बातम्या जरूर व्हायला हव्यात. पण त्या होत नाहीत, कारण त्यासाठी कोणाला तरी चार दिवस यार्डात बसून पट्ट्या आणि खतावण्या ताडून पाहाव्या लागतील. 'उच्चांकी दर' लिहायला एक फोन पुरतो.

आता नदीकडे येतो. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत आणि जुलै उजाडला की त्या खुणांवर सगळ्या शहराचा डोळा असतो. त्या दिवसांत सांगलीत दोन माणसे भेटली की 'कसं काय' ऐवजी 'किती फूट?' असे विचारतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरू लागते, त्यामुळे तिथल्या माणसांचा हिशेब आणखी बारीक असतो. कितव्या फुटाला आपली गल्ली, कितव्याला आपली पायरी, हे त्यांना माहीत असते. म्हणजे ज्या बातमीत एक आकडा दिला की पुरे, अशी ही बातमी आहे, आणि नेमका तोच आकडा मथळ्यात नसतो. पाणी अठरा फुटांवर असताना 'कृष्णेने धारण केले रौद्र रूप' असे छापून येते आणि सोबत दुथडी भरून वाहणाऱ्या नदीचे चित्र असते, ज्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' असे लिहिलेले असते. वाहिन्यांवर तर २०१९ ची दृश्ये पुढच्या कित्येक पावसाळ्यांत पुरवून पुरवून वापरली गेली. मग पुण्यामुंबईहून नातेवाइकांचे फोन येतात, 'अरे, सांगली बुडाली म्हणे?', आणि आपण त्या वेळी बाल्कनीत कपडे वाळत घालत असतो.

सगळ्यांत मोठा गोंधळ कोयनेच्या विसर्गाचा. पावसाळ्यात धरणाच्या पायथा वीजगृहातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते, एका संचातून १०५० क्यूसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) आणि दोन्ही चालू असले तर २१००. धरणाचे सहा वक्र दरवाजे त्या वेळी बंदच असतात. तरी मथळा येतो, 'कोयनेतून विसर्ग सुरू. सांगलीला पुराचा धोका?' हिशेब अगदी सोपा आहे. दिवसभर ११,५७४ क्यूसेकने पाणी वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होते. २१०० क्यूसेकने दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी. १०५.२५ टीएमसी क्षमतेचे भरलेले धरण या वेगाने रिकामे करायचे म्हटले तर दीड वर्षाहून अधिक काळ लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून लाखाच्या पुढे क्यूसेक पाणी सोडावे लागले होते, आणि ते पाणी कराडला कृष्णेत मिळून खाली येत असताना मधल्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस त्यात भर घालत होता. तीन आकड्यांची तुलना एका चौकटीत देता येते. ती न देता 'विसर्ग' हा एकच शब्द दोन्ही प्रसंगी वापरला की वाचणाऱ्याला २१०० आणि एक लाख सारखेच वाटू लागतात.

इथे वर्तमानपत्रांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पायथा वीजगृहातून थोडे पाणी सुटले तरी प्रशासन नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देते आणि तो योग्यच असतो. पात्रात उतरलेल्या माणसाच्या, काठावर जनावरे धुणाऱ्याच्या आणि नदीत पाण्याची मोटार सोडलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अचानक वाढलेले दीड-दोन फूट पाणीही महत्त्वाचे असते. तेव्हा ही बातमी छापू नये असे कोणी म्हणणार नाही. ती ज्याच्यासाठी आहे त्याला उद्देशून छापावी, 'नदीकाठच्या मोटारी काढून घ्या' असे सरळ म्हणावे. सांगलीच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला त्या दिवशी घाबरवून कोणाचेच भले होत नाही.

याचा परिणाम उलटा होतो, तो मी २०१९ साली आमच्याच गल्लीत पाहिला. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेले होते आणि लोकांच्या मनात तीच शेवटची रेघ होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी झपाट्याने चढू लागले, घरे सोडण्याच्या सूचना फिरू लागल्या, तेव्हा कट्ट्यावरचे अनुभवी लोक म्हणत होते, 'हे दरवर्षीचंच आहे, पेपरवाले असंच छापतात.' पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. महापुराला मथळे जबाबदार होते असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही; पाऊस, धरणांचे नियोजन, नदीपात्रातली अतिक्रमणे, पूररेषेत उठलेल्या इमारती ही सगळी कारणे पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीच्या निमित्ताने पुढे चर्चिली गेलीच. पण अठरा फुटांना 'रौद्र' आणि 'महाभयंकर' हे शब्द खर्चून टाकले की पन्नास फुटांसाठी शिल्लक काहीच राहत नाही, आणि ज्या दिवशी माणसाने खरोखर घाबरून उठायला हवे त्या दिवशी तो चहाचा दुसरा कप मागवतो. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून सतरा जण बुडाले. त्या बातमीला एकाही विशेषणाची गरज नव्हती.

खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाचा प्रश्न तर मी इथे उघडणारच नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेली तर फुगवटा नेमका कुठवर येईल, हा जलशास्त्राचा वादग्रस्त आणि गंभीर प्रश्न आहे. 'अलमट्टी सांगलीच्या मुळावर' अशा मथळ्याने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले की मग पुढचे गणित कोणी वाचत नाही, मग ते गणित आपल्या बाजूचे असले तरीही.

हे मथळे लिहितो कोण, याची वाचकांना सहसा कल्पना नसते. माझा एक परिचित गेली कित्येक वर्षे वार्ताहर आहे. तो बातमी मोबाइलवर टाइप करून पाठवतो, मथळा मात्र दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बसलेला उपसंपादक देतो, ज्याने आयर्विन पूल पाहिलेला असेलच असे नाही. वार्ताहराला बातमीमागे मिळणारे मानधन इतके किरकोळ असते की त्याचे घर चालते ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिरातींवर मिळणाऱ्या कमिशनवर. पूर्वी निदान मथळ्याला स्तंभाच्या रुंदीची मर्यादा असे. आता पोर्टलवर कोणत्या मथळ्यावर किती बोटे पडली हे कचेरीत क्षणोक्षणी दिसते, आणि जाहिरातीचा पैसा त्या बोटांच्या संख्येवर ठरतो. तो मला म्हणाला, "मी 'पातळी अठरा फूट' असं लिहून दिलं होतं. वरून फोन आला, आकड्याला कोण विचारतं, धोका आहे का ते सांगा." त्याने सांगितले, 'सध्या तरी नाही.' त्या 'सध्या तरी नाही'चे मथळ्यात 'धोका?' झाले.

हे प्रश्नचिन्ह ही अलीकडच्या पत्रकारितेची सर्वांत सोयीची पळवाट आहे. विधान केले तर पुरावा द्यावा लागतो, प्रश्न विचारला तर काहीच द्यावे लागत नाही. 'मुले पळवणारी टोळी सक्रिय?' या वाक्यात कोणी काही म्हटलेलेच नसते, आणि तरी वाचणाऱ्या आईने जे समजायचे ते ती समजते. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून लोकांनी पट्ट्याने आणि काठ्यांनी मारले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला, एवढेच निमित्त झाले होते. अफवा मोबाइलवरून पसरतात हे खरेच, पण मोबाइलवरच्या संदेशाला वजन येते ते त्याच्याखाली कुठल्या तरी छापील मथळ्याचा फोटो जोडलेला असला की. कायद्याच्या कक्षेत प्रश्नचिन्ह बसत नाही, जमावाला मात्र ते दिसतही नाही.

मथळ्यात प्रश्न विचारूच नये असेही नाही. मराठीतला सर्वांत गाजलेला मथळा प्रश्नार्थकच आहे: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' १८९७ साली, प्लेगच्या काळात पुण्यात रँडचा खून झाल्यानंतर सरकारने जी दडपशाही आरंभली तिच्यावर 'केसरी'त टिळकांनी हा अग्रलेख लिहिला. तो प्रश्न मवाळ नव्हता, पण त्याचा रोख कोणावर आहे हे उघड होते, त्याखाली युक्तिवाद होता आणि लिहिणारा त्याची किंमत द्यायला जागेवर हजर होता. 'केसरी'तल्या दुसऱ्या लिखाणावरून त्याच वर्षी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची सजा झाली. त्याच 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे आमच्या कराडजवळच्या टेंभूचे. (टेंभू म्हटले की हल्ली सगळ्यांना फक्त उपसा सिंचन योजना आठवते.) जहाल लिहिणे आणि भडक लिहिणे यांतला फरक समजून घ्यायला त्या काळातले अंक चाळणे पुरेसे आहे.

गुन्ह्यांच्या बातम्यांबद्दल एकच सांगतो, कारण त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. पोलिसांच्या प्राथमिक टिपणात 'अनैतिक संबंधाच्या संशयावरून' असे असते; मथळ्यात 'संशय' गळतो आणि 'अनैतिक संबंधातून खून' एवढेच उरते. संशयित सकाळी आरोपी होतो आणि संध्याकाळी नराधम. ज्या बाईचा खून झाला तिला तर काही सांगायची सोयच नसते, आणि तिच्या माहेरची माणसे त्याच तालुक्यात राहत असतात.

नियम नाहीत असे नाही. मथळे भडक किंवा चिथावणीखोर नसावेत आणि खालच्या मजकुराशी सुसंगत असावेत, असे भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. पण १९७८ च्या कायद्याने या संस्थेला दिलेले अधिकार ताकीद देण्यापुरते, ताशेरे ओढण्यापुरते आहेत, आणि वाहिन्या व पोर्टल तिच्या कक्षेतच येत नाहीत. अथणीच्या शेतकऱ्याने दिल्लीला तक्रार पाठवावी अशी अपेक्षा करण्यात काही अर्थ नाही.

त्यामुळे मी आमच्या वार्ताहराला माझ्यापुरते एक मागणे घातले. हळदीच्या बातमीत कमाल दराच्या शेजारी, त्याच ओळीत, सर्वसाधारण दर टाका. आणि नदीच्या बातमीचा मथळा 'आयर्विन येथे कृष्णा १८ फुटांवर, इशारा पातळी ४० फूट' असा द्या. त्याने ते कागदावर लिहून अक्षरे मोजली आणि तीन स्तंभांत सहज बसते हे मान्य केले. मग थोडे थांबून म्हणाला, "पण साहेब विचारतील, यात बातमी काय आहे?" मी म्हटले, त्यांना सांगा, आज नाही. हळदीच्या दराबाबत मात्र त्याने प्रयत्न केला आणि सर्वसाधारण दर छापून आला, पाचव्या परिच्छेदात. तोच कात्रून मी आता टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे, म्हणजे पट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला दाखवता येतो.